पानं गळायच्या आधीच जोरदार बर्फ पडला तर झाडं इतकी का मोडतात? वाचवायची कशी?
मुख्य कारण पानं. उघड्या फांदीवर बर्फ फारसा टिकत नाही, पानांवर मात्र थरावर थर साचतो. त्यात हवा शून्य अंशाच्या आसपास असल्याने हा बर्फ ओला, चिकट असतो. १० सेंटीमीटरचा थर चौरस मीटरला सहज २० किलो भरतो.

बर्फ पडत असतानाच लांब दांड्याच्या झाडूने फांदी खालून हलकेच वर उचला. आधी खालच्या फांद्या मोकळ्या करा, नाहीतर वरचा बर्फ खालच्या, आधीच भरलेल्या फांदीवर कोसळतो. झोडपू नका. गोठून कडक झालेली फांदी कटकन तुटते, तिच्यावरचा बर्फ आपोआप वितळू द्या. विजेच्या तारेला टेकलेल्या फांदीजवळ कृपा करून जाऊच नका, वीज कंपनीला कळवा.