मानेवरचा काळा पट्टा घासून का जात नाही?

प्रश्न : मुलगा 11 वर्षांचा आहे. उंची 142 सेंमी, वजन 58 किलो. मानेमागची आणि काखेतली कातडी काळी, जाडसर झाली आहे. डाळीचं पीठ लावून घासलं, मलमं झाली, फरक नाही. आजी म्हणते, 'बाळसं आहे, वयात आला की झडेल.' जन्मला तेव्हा तर जेमतेम सव्वादोन किलोचा होता. काय करावं? – एक वाचक, सातारा

उत्तर : आधी घासणं थांबवा, तो मळ नाही. शरीर इन्सुलिनला (रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला) दाद देईनासं झालं की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं आणि त्या जादा इन्सुलिनमुळे कातडीच्या पेशी भराभर वाढतात. साखर अजून नॉर्मल असतानाही हा पट्टा दिसू शकतो.

मुलाचा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 28.8 येतो. भारतीय मुलांच्या तक्त्यावर लठ्ठपणाची रेघ त्याच्या वयाला याच्या बरीच खाली आहे. बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेरही मोजा. तो उंचीच्या निम्म्याहून, म्हणजे 71 सेंमीहून, जास्त असेल तर चरबी पोटात साठते आहे. कमी वजनाने जन्मल्यामुळे धोका कमी होत नाही, उलट वाढतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलंय की आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा हलकी असली तरी त्यांच्या अंगावर चरबी त्या मानाने जास्त असते, कमी असतात ते स्नायू.

रात्रभर उपाशी ठेवून (पाणी चालेल) त्याचं रक्त तपासायला द्या. उपाशीपोटी साखर 100 ते 125 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज) 5.7 ते 6.4 टक्के आलं तरी तेच. मात्र लोह कमी असलेल्या मुलात एचबीए1सी खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून हिमोग्लोबिनही पाहा. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 130 च्या वर किंवा एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 40 च्या खाली वाईट. यकृतासाठी एसजीपीटी करा. मुलग्यात 26 च्या वरचा आकडा विचार करायला लावणारा आहे, प्रयोगशाळेच्या कागदावर तो 'नॉर्मल' छापलेला असला तरी. बीपी मोजताना पट्टा दंडाला साजेसा हवा, लहान पट्ट्याने आकडा फुगतो. इन्सुलिनची महागडी चाचणी बहुतेकदा लागत नाही. इन्सुलिन वाढलंय हे मानच सांगते आहे.

वजन उतरवायच्या मागे लागू नका. 58 वरच टिकवलं आणि उंची 152 झाली, तर बीएमआय 25 वर येतो. पहिली कात्री पेयांवर : सरबत, पाकिटातला ज्यूस, गोड चहा. जेवणात उसळ आणि भाजी आधी, पोळी-भात नंतर. त्याच्या एकट्यासाठी वेगळा स्वयंपाक करू नका. घरात फरसाण असेल तर तो खाणारच. रोज तासभर धाप लागेल असा खेळ, रात्री 9 तास झोप. मोठ्याने घोरत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

खूप तहान, सारखी लघवी, अंथरूण पुन्हा ओलं होणं किंवा काही न करता वजन घटणं, यातलं काहीही दिसलं तर उपाशीपोटीची वाट न पाहता त्याच दिवशी साखर तपासा.