सोलोची पट्टी बदलताना

प्रश्न : गिटारच्या पाचव्या फ्रेटवर (गळ्यावरच्या पाचव्या खणात) ए मायनर पेंटाटॉनिक हे पाच सुरांचं स्केल बरं वाजतं. पण बॅकिंग ट्रॅकची (साथीच्या रेकॉर्डिंगची) पट्टी बदलली की गडबडतो, आणि ब्लूजमध्ये काही सूर चक्क खटकतात. काय करू? – एक वाचक, इंदूर

उत्तर : पट्टीचं सोपं आहे. बोटांचा आकार तोच, फक्त सहाव्या तारेवर मूळ स्वर शोधायचा : सी मायनरला ८वा फ्रेट, डी मायनरला १०वा. ट्रॅक ए मेजरचा असेल तर हाच आकार दुसऱ्या फ्रेटवर. मात्र वाक्य करंगळीखालच्या ए वर संपवा, एफ शार्पवर (एफपेक्षा अर्धा सूर वर) नाही.

ब्लूजचं दुखणं वेगळं. त्याच्या १२ बारच्या (आवर्तनांच्या) साच्यात ए सेव्हन, डी सेव्हन, ई सेव्हन असे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलतात आणि तुम्ही एकच स्केल फिरवत राहता. ई सेव्हनमध्ये जी शार्प असतो. त्या कॉर्डवर साधा जी लांबवला तर खटकणारच. तार किंचित ओढून तो जी वर न्या. सरावाला ७० बीपीएमचा (मिनिटाला ७० ठोक्यांचा) ट्रॅक लावा आणि कॉर्ड बदलेल त्याच ठोक्यावर फक्त त्याचा तिसरा स्वर वाजवा : अनुक्रमे सी शार्प, एफ शार्प, जी शार्प. कंटाळवाणं आहे, पण कान यानेच तयार होतो. मग दोन बार वाजवा, दोन बार गप्प. अखंड वाजवणाऱ्याला ट्रॅक ऐकूच येत नाही.