सिलॅबस जुना वाटतोय, पुण्याला क्लास लावू का?

प्रश्न : सर, मी तासगाव तालुक्यातली, सांगलीत आयटी इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे. वालचंदला (सांगलीतलं नावाजलेलं इंजिनिअरिंग कॉलेज) नंबर लागला नाही म्हणून दुसऱ्या कॉलेजला. आम्हाला डीबीएमएस (डेटा साठवायची सिस्टीम), ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम), नेटवर्क हेच शिकवतात आणि सिनिअर म्हणतात कंपनीत रिअ‍ॅक्ट (वेबसाईटच्या स्क्रीन बनवायचं टूल), क्लाऊड (इंटरनेटवरचे भाड्याचे सर्व्हर) विचारतात. मैत्रिणी सुट्टीत पुण्याला फुल स्टॅकच्या (वेबसाईटचं पुढचं-मागचं सगळं शिकवणाऱ्या) क्लासला चालल्यात. त्याची फी म्हणजे आमच्या दोन म्हशींचं वर्षाचं दूध बिल. पप्पा म्हणतात लावूया, पण मला रात्री झोप येत नाही.

उत्तर : क्लास आत्ता लावू नकोस, आणि हे पप्पांना आजच सांगून टाक म्हणजे दोघांनाही झोप लागेल.

रिअ‍ॅक्ट २०१३ ला आलं, त्याच्या आधी दुसरं काहीतरी चालायचं आणि तू पास होऊन चार वर्षं झाली की तिसरंच असेल. टेबलं करून डेटा ठेवायची कल्पना एडगर कॉड या संशोधकानं १९७० ला मांडली, ती अजून चालतेय. त्यामुळे ज्याला तुम्ही जुना सिलॅबस म्हणताय ना, त्यातलंच बरंचसं आयुष्यभर पुरतं, फक्त ते पेपरात लिहून विसरून जायचं नाही. मी पण सांगलीतच शिकलो, ट्रान्झॅक्शनची (काम एकतर पूर्ण व्हावं नाहीतर अजिबात होऊ नये, याची) व्याख्या पाठ करून भरपूर मार्क पाडले आणि पहिल्या नोकरीत पैशाच्या हिशोबाचं काम आलं तेव्हा दोन दिवस नुसता स्क्रीनकडे बघत बसलो होतो.

आता तुझ्या घरातलीच गोष्ट घे. म्हशींचं दूध संकलन केंद्रावर जातं, तिथं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन पदार्थ) बघून दर लागतो, पावती मिळते आणि दहा दिवसांनी बिल निघतं. हे सगळं तू स्वतः प्रोग्रॅममध्ये करून बघ. सुरुवातीला सोपं वाटेल, मग एकेक भानगड निघेल. रक्कम फ्लोटमध्ये (दशांश आकड्यांच्या प्रकारात) ठेवलीस तर बिलात एखाद्या पैशाचा फरक पडू शकतो, कारण कॉम्प्युटर ०.१ बायनरीत (फक्त ० आणि १ वापरून) अचूक ठेवूच शकत नाही. पायथनला ०.१ अधिक ०.२ विचार, तो ०.३०००००००००००००००४ सांगतो. म्हणून रक्कम रुपयांत नाही, पैशांत, पूर्णांकात ठेवायची. संध्याकाळी एंट्री चालू असताना लाईट गेली तर पावती निघाली पण खात्यात जमा नाही असं होता कामा नये, हेच ते ट्रान्झॅक्शन. दोनशे सभासद, दिवसातनं दोनदा, म्हणजे वर्षाला १,४६,००० नोंदी, त्यातनं एकाचं खातं पटकन काढायचं तर इंडेक्स (पुस्तकाच्या मागच्या सूचीसारखी यादी) लागतो. आणि चुकलेली नोंद खोडायची नाही, दुरुस्तीची वेगळी नोंद घालायची, हे तर डेअरीचा कुठलाही जुना सेक्रेटरी सांगेल तुला!

पहिल्या दिवसापासून सगळं गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) ठेव, रोज थोडं थोडं कमिट कर, म्हणजे बदलाची नोंद कर. आणि सोबत साध्या इंग्लिशमध्ये लिही की काय केलंय आणि का केलंय. इंटरव्ह्यूमध्ये प्रोजेक्टवर खोदून विचारतात, तिथं नेटवरनं उचललेला प्रोजेक्ट दोन प्रश्नांत उघडा पडतो, तुझा नाही पडणार, कारण हिशोब तुझ्या घरचा आहे. तुला इंग्लिशची भीती असेल तर तीही इथंच मोडते, ओळखीच्या गोष्टीवर बोलताना शब्द सुचतात.

रिअ‍ॅक्ट नंतर शीक, स्क्रीन करायची वेळ येईल तेव्हा, त्याची डॉक्युमेंटेशन फुकट आहेत. ओएस आणि नेटवर्कसाठी एनपीटीईएल या ऑनलाईन कोर्सच्या पोर्टलवर आयआयटीच्या सरांची लेक्चर आहेत, तीही फुकट बघता येतात. अ‍ॅप्टिट्यूड (नोकरीच्या परीक्षेतली गणितं-कोडी) मात्र थर्ड इयरपासून रोज अर्धा तास कर, एसटीत बसल्या बसल्या होतं.

या रविवारी पप्पांकडनं मागच्या तीन बिलांच्या पावत्या घे, हातानं टाईप कर आणि तुझी बेरीज छापील बिलाशी पैशापर्यंत जुळते का बघ. नाही जुळली तर कुठं अडलं ते मला लिही.