अ‍ॅन्युरिझमचा (मेंदूतल्या धमनीवरच्या फुगवट्याचा) गळा रुंद आहे म्हणून आईला बलून लावून कॉइलिंग करणार म्हणतात. फुगवटा फुटून रक्तस्राव झालाय. तो बलून डोक्यातच राहतो का? सरळ स्टेंट (धमनीत बसवायची जाळीची नळी) का नाही टाकत?

नाही हो, बलून आत राहत नाही, केस संपली की बाहेर. आत राहतात त्या फक्त कॉइल. मी कॅथलॅबमध्ये (जिथे धमनीतून नळी घालून हे उपचार करतात तिथे) टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे आईंची अँजिओ न बघता त्यांच्याबद्दल काही बोलणं बरोबर नाही, पण टेबलावर काय चालतं ते सांगू शकतो.

जांघेतल्या धमनीतून एक नळी मानेपर्यंत नेतात, तिच्यातून आणखी बारीक नळी थेट त्या फुगवट्यात, आणि तिच्यातून प्लॅटिनमची कॉइल सोडतात, ती आत वेटोळं घालून बसते, रक्ताचा जोर मोडतो, मग आत गुठळी होऊन फुगवटा बंद पडतो. ही विजेने सुटणारी कॉइल गुग्लिएल्मी नावाच्या इटालियन डॉक्टरांनी लॉस एंजेलिसला काढली, १९९० पासून पेशंटमध्ये वापरायला लागले. अडचण एकच, गळा अरुंद पाहिजे. तांब्यात सुतळी कोंबली तर राहते, परातीत ठेवली तर घरंगळते, तसं. गळा ४ मिमी किंवा जास्त, किंवा फुगवट्याची रुंदी गळ्याच्या दुपटीपेक्षा कमी असली की रुंद म्हणतात. अशा वेळी कॉइल मूळ धमनीत उतरली तर स्ट्रोकच. यावर पॅरिसच्या जाक मोरे यांनी नव्वदच्या दशकात बलूनची युक्ती आणली.

म्हणजे गळ्यासमोर मूळ धमनीत मऊ बलून ठेवायचा, तो फुगवून तोंड झाकायचं आणि मग कॉइल भरायची. आत हवा नाही बरं का, डाय आणि सलाइन असतं, म्हणजे स्क्रीनवर दिसतं, आणि एक बुडबुडासुद्धा राहू नये म्हणून आधी आम्ही तो बाहेरच नीट तपासून घेतो. फुगवायला सिरिंज १ मिलीची, थेंबाथेंबाने. फुगवला की पुढचं रक्त थांबतं म्हणून कोणीतरी घड्याळ बघून मिनिटं ओरडत असतं, साधारण चार-पाच मिनिटांच्या आत सोडतातच. आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो भाग, कॉइल तिच्या तारेपासून सुटी करायच्या आधी बलून रिकामा करतात आणि सगळे स्क्रीनकडे बघत बसतात, कॉइल हलली का? नाही हलली तर तारेपासून सुटी करायची, हलली तर परत ओढून घ्यायची. मग पुन्हा फुगवा, पुढची कॉइल. आणि मध्येच फुगवटा फुटलाच तर तोच बलून लगेच फुगवून रक्त थोपवता येतं, हा मोठा आधार.

स्टेंटचं म्हणाल तर तो कायमचा राहतो, त्यात गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायच्या दोन-दोन गोळ्या लागतात. तुम्ही लिहिलंय की आईंचा फुटून आलाय. आत्ताच रक्तस्राव झालेल्या माणसाला, ज्याच्या डोक्यात पाणी साठून ड्रेन (ते काढायची नळी) घालायची वेळ येऊ शकते, त्या गोळ्या देणं जोखमीचं, म्हणून फुटलेल्यात जमत असेल तर बहुतेक डॉक्टर आधी बलूनच बघतात. जमलं नाही, कॉइल बाहेर यायला लागली तर स्टेंटचा विचार होतो, ते आधीच विचारून ठेवा, खर्चाच्या दृष्टीनेही, कारण कॉइल किती लागतील ते आधी नक्की सांगता येत नाही. सरकारी योजनेत किती कॉइल बसतात तेही काउंटरवर विचारा.

धोका शून्य नाही, गुठळी होऊन स्ट्रोक आणि टेबलावर फुटणं हे दोन मुख्य. शिवाय रुंद गळ्यात कॉइल कालांतराने दबून फुगवटा परत थोडा उघडू शकतो, म्हणून सहा महिन्यांच्या आसपास पुन्हा अँजिओ किंवा एमआरआय सांगतात, तो टाळू नका. प्लॅटिनम असल्यामुळे एमआरआय सहसा चालतो, पण कॉइल बसवल्याचं कार्ड दाखवायचं.

आणि निमोडिपिन. फुटलेल्यात ही गोळी सहसा २१ दिवस, दर चार तासांनी असते, रात्रीसुद्धा. बीपी फार उतरलं तर डॉक्टर डोस बदलतात, पण घरी आल्यावर आई झोपल्यात म्हणून रात्री दोनचा डोस परस्पर सोडू नका, मोबाइलला अलार्म लावा.