आधी दोन स्वर पाठव

प्रिय मैत्रिणी,

तुझा आराखडा वाचला. लिलीपाँड या स्वरलेखन छापणाऱ्या, कोणालाही वापरता-बदलता येणाऱ्या मोकळ्या सॉफ्टवेअरमध्ये हिंदुस्थानी संगीत लिहिण्याची भातखंडे स्वरलिपी पूर्ण बसवायची, आलाप-तानांसकट. जोडीला पलुस्कर पद्धतीचा पर्याय. आणि वर मराठीत मॅन्युअल. नऊ पानं. हौस दांडगी आहे, मला ती आवडली. पण हे असंच्या असं लिलीपाँड बनवणाऱ्यांकडे पाठवू नकोस. नाकारतील अशी भीती आहे म्हणून सांगत नाही. नाकारण्यासाठीसुद्धा कोणाला तरी नऊ पानं वाचावी लागतील, आणि तो माणूस दिवसभराची नोकरी करून, मुलांना झोपवून, उरलेल्या तासाभरात हे काम करणारा आहे. त्याला त्याचा पगार मिळत नाही. मांडवात पहिल्या दिवशी येऊन देखावाच बदला म्हणणारा कार्यकर्ता आपल्याकडेही कोणाला आवडत नाही. आधी खुर्च्या लावाव्या लागतात.

हा प्रकल्प उभा कसा राहिला ते थोडं सांगतो, कारण तुझ्या शंकेचं उत्तर त्यात आहे. 1995 साली नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या युवा ऑर्केस्ट्राची तालीम चालू होती. व्हायोला वाजवणाऱ्या यान न्यूवेनहाउझेनने फ्रेंच हॉर्न वाजवणाऱ्या हान-वेन नीनहाउसला आपल्या नव्या उद्योगाबद्दल सांगितलं: मजकूर लिहायचा आणि त्यातून छापील स्वरलेखन काढायचं. हान-वेनला त्याच सुमारास एका रचनेचे वेगवेगळ्या वाद्यांचे भाग छापून हवे होते. त्याने तो प्रोग्राम हातात घेतला आणि गुंतला. पुढे ईमेलवर भरपूर वादावादी झाली, पहिला प्रोग्राम पुढे जाणार नाही असं ठरलं, आणि 1996 मध्ये लिलीपाँड नव्याने सुरू झालं. म्हणजे 'मला माझ्या बंदिशी नीट छापायच्या आहेत' ही तुझी गरज अगदी घरचीच आहे तिथे. त्याबद्दल संकोच नको. 'एवढ्या मोठ्या लोकांना माझं काम किरकोळ वाटेल का' असं विचारलंस, त्याचं उत्तर हेच.

आता मुद्द्याचं. हे सॉफ्टवेअर नक्की कशावर भांडतं ते तुला कळलं पाहिजे. लिलीपाँडच्या लेखकांनी आपली भूमिका मांडताना बाखच्या पहिल्या चेलो सूटच्या दोन छापील आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. दोन्ही जर्मन प्रकाशनांच्या: एक बेरेनरायटरची, 1950 ची, हाताने कोरलेली, आणि एक हेन्लेची, 2000 ची, संगणकावर केलेली. नव्या आवृत्तीत चुका नाहीत. पण ओळीमागून ओळ स्वर आणि मापरेषा एकाखाली एक अशा काटेकोर बसल्या आहेत की वाजवणाऱ्याची नजर पानावर हरवते. जुन्या पानात जागा थोडी पुढेमागे आहे, त्यामुळे प्रत्येक ओळीला स्वतःचा चेहरा आहे. तो चेहरा संगणकाकडून पानावर उतरवून घ्यायचा, यावर या लोकांनी वर्षानुवर्षं घालवली.

बीमचं उदाहरण घे. एक अष्टमांश, एक षोडशांश लांबीच्या स्वरांच्या दांड्या जोडणारी ती जाड तिरपी पट्टी. स्टाफच्या, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलेखनातल्या पाच आडव्या रेघांच्या, रेघेशी ती कुठेही टेकवून चालत नाही. ती रेघेवर बसते, रेघेला खालून लटकते किंवा रेघेवर मधोमध येते; यांच्या अधेमधे कुठेतरी राहिली तर पट्टी आणि रेघ यांच्यामध्ये पांढरी बारीक फट उरते. जुने कोरणारे ही फट टाळत, कारण छपाईत तिथे शाई भरायची. लिलीपाँड प्रत्येक बीमसाठी अनेक जागा करून बघतं, प्रत्येकीला दोषांचे गुण देतं आणि सगळ्यात कमी दोषांची जागा निवडतं. सलग स्वरांना जोडणाऱ्या स्लरच्या कमानीचंही तसंच. आता तू त्या गुणांच्या हिशोबात एक आकडा बदललास, तुझं पान सुधारलं. पण जगात कुठेतरी कोणाच्या तरी ऑपेराच्या चारशे पानांत कमानी हलल्या. म्हणून तिथे हजारावर छोट्या चाचणी फाइली आहेत. प्रत्येक बदलाच्या आधीची आणि नंतरची चित्रं काढून ती ताडून बघतात. फरक दिसला की माणूस डोळ्यांनी ठरवतो, हा बरा की वाईट. संगणक एवढंच सांगतो की हललं.

हे समजलं की तिथली चाल आपोआप समजते. पॅच, म्हणजे कोणी सुचवलेला कोडमधला बदल, आधी तपासणीत जातो, मग 'काउंटडाउन' लागतो, म्हणजे काही दिवस सगळ्यांना हरकत घ्यायला मुभा, आणि कोणी काही बोललं नाही तर तो आत. तुला हे संथ वाटेल. वाटू दे. दुसऱ्याच दिवशी 'काही अपडेट?' असं विचारू नकोस; आठवडा जाऊ दे, मग एक ओळ लिही. आणि हो, मेलची सुरुवात 'रिस्पेक्टेड सर' अशी नको, शेवटी 'काइंडली डू द नीडफुल' तर मुळीच नको. तिथे सगळे पहिल्या नावाने बोलतात आणि 'हे चुकीचं आहे, कारण…' असं तोंडावर सांगतात. त्यात राग नसतो. 'कारण' नंतरचं वाच, तेच कामाचं असतं.

तुझ्या आराखड्याकडे येतो. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटली, आणि ती तू सहाव्या पानावर, जवळजवळ लपवून लिहिली आहेस. पाश्चात्त्य पानात स्वर एकाखाली एक आले की ते दोष मानतात. भातखंडे पद्धतीत ते एकाखाली एक आलेच पाहिजेत. समेची मात्रा प्रत्येक ओळीत त्याच खणात, खाली × ची खूण, टाळी नसलेल्या 'खाली'च्या मात्रेला 0, टाळीच्या मात्रांखाली आकडे. उभं बघितलं तर ताल दिसला पाहिजे. म्हणजे या सॉफ्टवेअरचा जो स्वभाव आहे, त्याच्या बरोबर उलटं तुला हवंय. हे वाक्य पहिल्या पानावर पहिलं हवं. ते वाचून तिथला माणूस खुर्चीत सरसावून बसेल, कारण हा त्याच्या आवडीचा प्रश्न आहे.

आणि उत्तराचा निम्मा भाग तिथे आधीच तयार आहे. आधुनिक पाश्चात्त्य रचनाकारांना काळ आणि जागा सम प्रमाणात हव्या असतात, त्यांच्यासाठी 'प्रपोर्शनल नोटेशन' नावाची सोय आहे. ती चालू केलीस की दर मात्रेला सारखी जागा मिळते. स्वरांची नावंही बदलता येतात. मुळात ती डच पद्धतीची आहेत, पण अरबी आणि तुर्की संगीतासाठी लोकांनी आपापली नावं आणि सूक्ष्म स्वर बसवले आहेत, ती फाइल उघडून बघ. स्कीम या प्रोग्रामिंगच्या भाषेत स्वतःचा 'एनग्रेव्हर', म्हणजे पानावर खुणा काढणारा छोटा प्रोग्राम, लिहून तो आपल्याच फाइलीत ठेवता येतो, मूळ सी प्लस प्लसला हात न लावता. म्हणजे तुझ्या नऊ पानांतलं बरंचसं काम कोणाचीही परवानगी न घेता, आज रात्री सुरू होऊ शकतं. गाभ्यात काय बदलावं लागतं ते त्यातून शेवटी कळेल, आणि ते फार थोडं असेल असा माझा अंदाज आहे.

मग त्यांना पाठवायचं काय? मंद्र सप्तकातला कोमल नी आणि त्याला लागून सा, दोन्ही एका मात्रेत. एवढंच. आता बघ काय होतं. कोमल म्हणून नीच्या खाली आडवी रेघ. मंद्र म्हणून खाली बिंदू. एका मात्रेत दोन स्वर म्हणून दोघांच्या खालून चंद्रकोर. एका अक्षराखाली तीन खुणा, एकावर एक. अक्षराला चिकटून कोण, त्याच्याखाली कोण, बिंदूने चंद्रकोरीला किती खाली ढकलावं, आणि सा कोमलही नाही नि मंद्रही नाही, मग त्याच्या बाजूला चंद्रकोरीचं टोक किती वर यावं? तुझ्या सगळ्या प्रकल्पाची खरी अडचण या दोन स्वरांत आहे. लिलीपाँडमध्ये कोणती खूण आत आणि कोणती बाहेर हे ठरवणारा प्राधान्याचा आकडा असतो, तो इथे पुरतो का ते पाहा. पुरत नसेल तर तुला खरा बग सापडला.

त्या लोकांना हीच सवय हवी असते: तीन पानांची बंदिश पाठवू नये, ती कापत कापत जावं. अंतरा काढला, तरी चूक दिसते? शब्द काढले, तरी दिसते? ताल काढला? जे काढल्यावर चूक नाहीशी होते ते परत ठेवायचं. शेवटी पाच-सहा ओळींची फाइल उरते, वर लिलीपाँडच्या आवृत्तीचा क्रमांक. बऱ्याचदा असं होतं की कापता कापता चूक आपलीच निघते आणि पत्र पाठवावंच लागत नाही. जो एवढं कापून आणतो त्याला तिथे सगळे ओळखू लागतात, मग त्याने कोडची एक ओळही लिहिलेली नसो.

मॅन्युअलच्या भाषांतराबद्दल माझं मत तुला आवडणार नाही. सध्या नको. जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, जपानी, कातालान अशी भाषांतरं आहेत, आणि प्रत्येक भाषांतरित फाइलीच्या डोक्यावर एक खूण असते: मूळ मजकुराच्या कोणत्या टप्प्यावरून हे भाषांतर केलं. मूळ पुढे सरकत राहतं. एका सुट्टीत सगळं करून टाकलं आणि मग नोकरी लागली, तर दोन वर्षांनी ते मराठी मॅन्युअल लोकांना जुन्या, बंद पडलेल्या आज्ञा शिकवत बसेल. त्यापेक्षा देवनागरीत गीत लिहिण्याची दोन-चार चांगली उदाहरणं स्निपेट्सच्या, म्हणजे छोट्या नमुना फाइलींच्या, संग्रहात टाक. गायनाचं पान आहे, खाली शब्द आहेत, आकार लांबलाय, अवग्रह कसा द्यायचा. त्याला सांभाळावं फार लागत नाही आणि उपयोग लगेच होतो.

पलुस्कर पद्धतीचा पर्यायही बाजूला ठेव. त्यात मात्रेच्या भागांसाठी स्वरांखाली वेगळ्या खुणा आहेत, तो वेगळाच प्रश्न आहे; एका पत्रात दोन घराणी नकोत.

एक व्यवहाराची गोष्ट. नमुना म्हणून कोणतीही बंदिश उचलू नकोस. भातखंडे 1936 मध्ये गेले, त्यांच्या स्वतःच्या लेखनाचा कॉपीराइट आपल्या कायद्याने, साठ वर्षांच्या हिशोबाने, केव्हाच संपला. त्यांच्या मूळ क्रमिक पुस्तकमालिकेतली बंदिश चालेल. पण नंतरच्या संपादकाने घातलेल्या टिपा, केलेली भाषांतरं किंवा तुझ्या बाईंनी तुला वहीत उतरवून दिलेली चीज ही वेगळी मालमत्ता आहे. बाईंना विचार. त्या 'हो' म्हणाल्या तरी लेखी घे. जगभर मोकळं होणार म्हणजे नक्की काय, हे त्यांना आधी नीट समजावून सांग.

जुन्या पानाचा स्कॅन मात्र प्रत्येक वेळी जोड. तिकडच्या तपासनिसाला चंद्रकोर बरोबर आली की चुकली हे कळायला मार्ग नाही. त्याला पाश्चात्त्य छपाईचे बारकावे डोळे मिटून कळतात, आपलं पान तो पहिल्यांदा बघतोय. इथे जाणकार तू आहेस, आणि जाणकाराने पुरावा द्यायचा असतो. कोड एआयकडून लिहून घेतलास तरी माझी ना नाही, पण प्रत्येक ओळ का आहे ते तुला सांगता आलं पाहिजे. नाही तर तपासणाऱ्याचा तो उरलेला तासही वाया जातो.

आणि एखादं काम अंगावर घेतलंस, परीक्षा आली, जमेनासं झालं, तर 'मला सध्या होत नाही, कोणी घेतं का' एवढं लिहून मोकळी हो. स्वयंसेवी कामात सोडून जाणं गुन्हा नाही. न सांगता गेलं की ते काम तुझ्या नावावर अडकून राहतं आणि दुसरा कोणी हात लावत नाही.

म्यूजस्कोर या स्वरलेखनाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरबद्दल विचारलं होतंस. तेही मोकळं आहे, माउसने चालतं, तिथे पगारी टीमही आहे आणि स्वयंसेवकही. वापरणारे कितीतरी जास्त. तुला पटकन लोकांपर्यंत पोचायचं असेल तर तिकडे जा, मी अडवणार नाही. माझा ओढा मजकुराच्या फाइलीकडे आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये फिनाले हे पस्तीस वर्षं चाललेलं स्वरलेखनाचं व्यावसायिक सॉफ्टवेअर बंद होत असल्याचं जाहीर झालं, आणि आयुष्यभराचं काम त्यात ठेवलेले लोक रातोरात फाइली दुसऱ्या स्वरूपात काढू लागले. साधा मजकूर निदान उघडून वाचता तरी येतो.

तर मंद्र कोमल नी आणि सा. दोन-तीन वेगवेगळ्या छापखान्यांच्या जुन्या प्रती मिळव, त्यात रेघ वर आहे की बिंदू ते बघ. एकमत नसेल तर तेही लिहून ठेव, कारण पहिला प्रश्न तोच येणार आहे. फाइल आणि स्कॅन मला आधी पाठव. इंग्रजी मी तपासून देईन, कोड नाही.

तुझा,
काका