४,२९,४९,६७,२९७ ही मूळ संख्या आहे का? एवढी मोठी संख्या मूळ आहे की नाही हे हाताने कसं ओळखायचं?

नाही. ६४१ गुणिले ६७,००,४१७. एवढं सांगून थांबलो असतो, पण ही संख्या माझं जुनं दुखणं आहे.

दहावीत आमच्या सरांनी फळ्यावर २ चा ३२ वा घात अधिक १ लिहिलं नि सांगितलं, ही मूळ संख्या, फर्माने (सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती) म्हटलंय. फर्माने म्हटलं होतं हे खरं. २ चे १, २, ४, ८, १६, ३२ असे दुप्पट होत जाणारे घात घ्यायचे नि १ मिळवायचा, ही त्याची माळ. तिच्यातल्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पहिल्या पाचही मूळ निघतात. पण सहावी, म्हणजे हीच, ऑयलर नावाच्या गणितज्ञाने १७३२ सालीच फोडली होती. हे सरांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मला फक्त खाज होती.

सांगलीच्या मार्केट यार्डात वडिलांचं हळदीचं अडत दुकान. दिवाळीच्या सुट्टीत जुन्या हिशेबाच्या पट्ट्यांच्या कोऱ्या बाजूवर भागत बसलो. २, ३, ५, ११ नुसत्या बघून बाद. ६४१ ही ११६ वी मूळ संख्या, म्हणजे ११२ भागाकार! बाकी शून्य आली तेव्हा कागदावर पिवळी बोटं उमटली होती. भागाकार ६७४१७. नवाचा ताळा घेतला, म्हणजे एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करून पडताळा: ६४१ चे २, ६७४१७ चे ७, गुणून १४, म्हणजे ५. मोठीच्या अंकांची बेरीज ५९, तिचेही ५. जुळलं.

शाळा उघडल्यावर सरांनी गुणाकार करायला लावला. आले ४,३२,१४,२९७. शेवटचे २९७ सुद्धा बरोबर, पण ४२९ कोटींच्या जागी ४ कोटी. वर्ग हसला. "बघ, मूळच आहे," म्हणत सरांनी फळा पुसला.

संध्याकाळी दिवाणजींनी कागद बघितला. "आरं, ४४८९ मधनं ४४८७ गेलं, उरलं २. सहा खाली घेतलास, २६. भाग जात न्हाई. सात घेतलास, २६७. तरी जात न्हाई. मग दोन शून्यं कुठं गिळलीस?" ताळ्यात शून्य गेलं काय नि राहिलं काय, कळतच नाही.

दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून नेलं तर सर म्हणाले, "आता भूमिती चालू आहे."

हाताने ओळखायचं तर वर्गमुळापर्यंत भागायचं. इथे ६५५३६ पर्यंतच्या ६५४२ मूळ संख्या येतात, बसा. ७, ११, १३ ने जात नाही म्हणजे मूळ, असं सांगणारा क्लास आजच सोडा. या संख्येला मात्र पळवाट आहे: तिचा कुठलाही मूळ अवयव १२८ च्या पटीहून १ ने जास्तच असतो. १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यातल्या मूळ दोनच, म्हणजे भागाकार दोनच. (ही सोय फर्माच्या माळेपुरती, तीही तिसरीच्या पुढच्या मोठ्यांना, मोबाइल नंबरला लावू नका.)

आणि तुम्ही शिकवत असाल तर भाजक बरोबर नि भागाकार चूक, अशा पोराला अर्धे मार्क तरी द्या. माझा ६४१ बरोबर होता.