मुळासकट उपटूनही परत फुटणारे हे गवत हरळीच का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: हे गवत हरळीच (दूर्वा, सायनोडॉन डॅक्टिलॉन) आहे का, आणि मुळासकट काढूनही ते परत कसे येते. आधी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण ओळखीची मोठी खूण त्यातच सापडते.

मूळ समजून आपण जे ओढतो ते बहुतेक वेळा खोड असते. हरळी बहुवर्षायू आहे आणि तिची आडवी खोडे दोन प्रकारची. एक जमिनीवर सरपटते आणि पेरापेराला मुळे रोवत पुढे जाते. दुसरे जमिनीखाली: पांढरट, टणक, टोकदार, खवल्यांसारख्या पानांनी झाकलेले. शेतकरी त्यांना काशा म्हणतात. काशीच्या तुकड्यावर एखादे जिवंत पेर राहिले, तरी त्यावरचा डोळा फुटून नवे रोप उभे राहू शकते. कुदळीने खणून तुकडे तिथेच सोडले, तर हरळी उलट वाढते.

आता सरपटणारे खोड हातात घ्या. गवतांची पाने एकाआड एक येतात, पण इथे एकाच पेरातून दोन-तीन पाने निघाल्यासारखी दिसतील. खरे तर ती वेगवेगळी पेरे असतात. मधली कांडी इतकी आखूड राहतात की पेरे एकत्र भासतात. ही रचना मला फार सुंदर वाटते.

माझा सगळ्यात जास्त भरवसा मात्र जिव्हिकेवर (पाते आणि खोडाभोवतीचे आवरण यांच्या सांध्यावरच्या छोट्या भागावर) आहे, कारण ती फुलोरा नसतानाही पाहता येते. पाते हळूच मागे वाकवा आणि ते खोडाभोवतीच्या आवरणाला जिथे जुळते तिथे आतून भिंगाने पाहा. हरळीत तिथे बारीक केसांची झालर असते. हरळीसारख्याच दिसणाऱ्या डिजिटेरिया प्रजातीच्या गवतांत त्याच जागी पातळ पापुद्रा दिसतो.

फुलोरा आला असेल तर काम सोपे. दांडीच्या टोकाला एकाच ठिकाणाहून साधारण 3 ते 7 बारीक कणसे पसरतात. कणिशके (कणसावरचे फुलांचे छोटे घटक) 2-3 मिलिमीटरची, बिनकुसळाची, कणसाच्या एकाच बाजूला दोन ओळींत बसलेली, आणि सहसा प्रत्येकात एकच फूल. बहरात जांभळ्या कुक्षी (फुलाचा परागकण झेलणारा भाग) बाहेर डोकावतात. एल्युसाइन इंडिका या गवताचा फुलोरा लांबून असाच दिसतो, पण त्याच्या कणिशकात अनेक फुले असतात, खोड चपटे असते आणि ते झुबक्यात वाढते, काशा धरत नाही.

घालवायचीच असेल, तर कोरड्या, कडक उन्हाच्या दिवसांत माती उकरून काशा वेचा आणि पूर्ण वाळू द्या. हरळी सी-4 पद्धतीने (उष्ण, उन्हाच्या हवेत जोमाने चालणाऱ्या) प्रकाशसंश्लेषण करते, तिला भरपूर ऊन लागते. म्हणून मोकळ्या झालेल्या जागेवर दाट सावली धरणारी झाडे लावली, तर मागे राहिलेले तुकडे फुटले तरी जोर धरत नाहीत.